मदत हवी आहे: ओलं झालेलं दावं सुटत नाही, गाईसाठी पटकन सुटणारी गाठ कोणती?

नमस्कार मंडळी, पाटण तालुक्यातून लिहितेय. घरी एक एचएफ (होल्स्टीन, परदेशी जातीची) गाय आहे आणि तिची दीड महिन्याची कालवड. गोठ्याचं सगळं आण्णाच (माझे सासरे) बघायचे, पण गेल्या महिन्यात चिखलात घसरले आणि उजवा हात मोडला, प्लास्टर आहे अजून, त्यामुळे धार काढण्यापासून जनावरं बांधण्यापर्यंत सगळं माझ्यावर आलंय. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवारी येतात.

परवा रात्री दीडच्या सुमाराला गाय हंबरायला लागली म्हणून धावत गेले तर पुढचा पाय दाव्यात अडकून ती एका अंगावर पडलेली, मान ताणलेली, पोट फुगायला लागलेलं. दावं घायपाताचं, पत्र्यातनं पाणी गळून पार भिजलेलं, आणि सुटू नये म्हणून मी खुंट्याला एकावर एक अशा तीन निरगाठी मारलेल्या. मोबाईलची बॅटरी लावून तो तोंडात धरला आणि दोन्ही हातांनी गाठ उकलायला बघितलं, नख उलटलं पण गाठ दगडासारखी घट्ट. शेवटी विळा आणून दावं कापलं तेव्हा ती उठली. गाय आता बरी आहे, वैरण खातेय, पण माझ्या डोळ्यासमोरनं ते जात नाहीये.

आण्णा एक सुरगाठ मारायचे, शेंडा ओढला की सर्रकन सुटायची, आणि गाईनं कितीही हिसडा दिला तरी ढिली व्हायची नाही. आता ते खाटेवरनं सांगतात, "मागनं घे, पोटात घाल, कान काढ," पण एका हातानं त्यांना दाखवता येत नाही आणि मला बोलण्यावरनं समजत नाही.

तर विचारायचंय की १) खुंट्याला कुठली गाठ मारू, २) कालवडीच्या गळ्यात मी साधा फास टाकलाय तो चालेल का, आणि ३) कापलेलं दावं जोडता येईल का, घरात दुसरा तुकडा आहे पण तो बारीक आहे. व्हिडिओ बघितले पण हात फार भरभर चालतात त्यांचे. शब्दांत सांगितलं तर मी पाटीवर लिहून गोठ्यात लावीन.

गोठेवाला
ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. कालवडीच्या गळ्यातला फास आत्ता उठून काढा, बाकीचं नंतर वाचा. सरकता फास ओढला की आवळत जातो आणि वासरू घाबरलं की ते आणखी जोरात ओढतं. गळ्यात नेहमी न सरकणारा फासा पाहिजे. स्काऊटला असलेली पोरं त्याला बोलाईन म्हणतात.

अशी मारा. दावं गळ्याभोवती घ्या, हातभर शेंडा मोकळा राहू द्या. खुंट्याकडे जाणारा जो दोर आहे त्याच्यात एक छोटं वेटोळं करा, वेटोळ्याची शेंड्याकडची बाजू वर आली पाहिजे. आता शेंडा त्या वेटोळ्यातनं खालून वर काढा, खुंट्याकडच्या दोराच्या मागनं फिरवा आणि परत त्याच वेटोळ्यात वरनं खाली घाला. सगळं धरून आवळा. फासा आणि गळा यांच्यामध्ये चार बोटं सहज गेली पाहिजेत. ओढून बघा, फासा तेवढाच राहतो. शेंडा चांगला वीतभर सोडा, आखूड ठेवला तर ढिलं असताना हलून हलून सुटायची भीती असते. पहिल्यांदा जनावराच्या गळ्यात करू नका, खुर्चीच्या पायाला वीस वेळा करून बघा.

माळरान
खुंट्याची मी सांगतो, आमच्याकडे बैलांना हीच. तुमच्या आण्णांचं "कान काढ" म्हणजे दोर दुमडून जो कानासारखा भाग होतो तो. पायजम्याची नाडी आपण कशी बांधतो, एक टोक ओढलं की सुटते, तेच इथे आहे.

दावं खुंट्याभोवती दोन पूर्ण वेढे घ्या. मग शेंडा गाईकडे जाणाऱ्या दोराच्या खालून पलीकडे न्या ("मागनं घे"), वरून परत अलीकडे आणा, एक वेढा पडला. आता त्या वेढ्याच्या पोटात शेंडा आख्खा ओवायचा नाही, दुमडून नुसता कान घालायचा, आणि गाठ खुंट्याला भिडेपर्यंत सरकवून आवळायची. सोडताना लोंबता शेंडा ओढला की कान निघून येतो आणि गाठ गेली, दोर भिजलेला असला तरी. फक्त कान चांगला मोठा ठेवा, लहान असला तर हिसड्यानं निसटतो.

आणि दावं फार लांब सोडू नका. गाईला बसता उठता आलं पाहिजे पण बसल्यावर दोर जमिनीवर लोळता कामा नये, पाय त्याच्यातच अडकतो. जमलं तर मधे भोवरकडी (स्वतःभोवती फिरणारी कडी) घालून घ्या, पीळ बसत नाही.

सह्यभटक्या
माळरान यांनी दोन वेढे सांगितलेत ते विसरू नका, खरा जोर तेच घेतात. आम्ही कड्यावर उतरताना झाडाला दोर बांधतो तेव्हा तीन-चार वेढे घेतले की घर्षणानंच सगळं वजन झाडावर जातं आणि शेवटच्या गाठीवर जवळजवळ ताण येत नाही. वेढ्याशिवाय थेट गाठ मारली की सगळा हिसका गाठीवर, म्हणून ती दगडासारखी होते. घायपात ओला झाला की फुगतो, मग आणखीच घट्ट. नायलॉन घायपाताइतका फुगत नाही पण गुळगुळीत असतो म्हणून गाठ निसटते, त्याला एक वेढा जास्त घ्यायचा आणि टोक मेणबत्तीवर जाळून बंद करायचं.

दर्याकिनारी
तिसऱ्याचं मी सांगते, माहेर देवगडचं, बाबांची जाळी विणतानाच लहानाचे मोठे झालो. जाड आणि बारीक दोर जोडायला निरगाठ अजिबात नको, बारीक दोर घसरून येतो. जाळ्याच्या प्रत्येक घराला जी गाठ असते तीच मारा, इंग्रजीत शीट बेंड. जाड दाव्याचं टोक दुमडून कान करा. बारीक दोर त्या कानातनं खालून वर काढा, कानाच्या दोन्ही पदरांच्या मागनं वळसा द्या आणि मग स्वतःच्याच पोटाखालनं घाला, कानात परत जायचं नाही. फरक फार असेल तर मागनं दोन वळसे. दोन्ही दोरांचे मोकळे शेंडे एकाच बाजूला आले पाहिजेत, विरुद्ध बाजूला आले तर सोडून परत करा. गंमत म्हणजे गोठेवाल्यांनी गळ्यासाठी सांगितलेली गाठ आणि ही, दोन्हीची घडण एकच आहे, एक आली की दुसरी येते.

पण माझं ऐकाल तर जोडलेलं दावं गाईला नको. गाठ आली की दोर त्या जागी कमजोर होतोच, शिवाय ती गाठ कुठेतरी अडकते. ते भारे बांधायला ठेवा आणि गाईला नवीन घ्या.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. गोठेवाले दादा, तुमचं वाचल्या वाचल्या कालवडीचा फास काढला, गळ्यावर केस घासल्याची रेघ उठलीच होती, बघून पोटात कालवलं. खोबरेल लावलं. काल दुपारभर खुर्चीच्या पायाला सराव केला, बोलाईन सातव्या आठव्या वेळी जमली. वेटोळं उलटं पडलं की नुसता दोर हातात येतो, ते आता कळतंय.

सुरगाठ संध्याकाळी आण्णांसमोर खाटेच्या खुराला मारली. त्यांनी डाव्या हातानं आधी गाईकडचा दोर दोन-तीनदा जोरात हिसडला, मग शेंडा ओढला, सुटली. म्हणाले, कान अजून मोठा घे. आणि एक गोष्ट सांगितली जी इथे कोणी लिहिली नाही, की आमची गाय लोंबता शेंडा चघळते आणि स्वतःच सोडून घेते, म्हणून ते शेंडा खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला, तिचं तोंड पोचणार नाही असा टाकायचे. माळरान दादा, काही जण तो शेंडा कानातनं ओवून ठेवतात म्हणे, पण मग सोडताना आधी तो बाहेर काढावा लागणार आणि रात्री अंधारात मला तेच नकोय. तुमचे बैल शेंडा चघळतात का, आणि चघळत असतील तर तुम्ही काय करता?