पावणेपाच वर्षांच्या मुलाला लंगडी घालता येत नाही, मदत हवी आहे

शाळेत लंगडीची शर्यत होती. बाकीची मुलं लंगडत पुढे गेली, माझा मुलगा दोन्ही पाय टेकवत उड्या मारत निघाला आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघत राहिला. तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून बारकाईने बघतेय. एका पायावर जेमतेम दोन सेकंद उभा राहतो. जिना उतरताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो. झोपाळ्यावर पाय जमिनीवरून सुटले की रडतो. आणि आंघोळीच्या वेळी डोळे मिटले की घाबरून माझा खांदा पकडतो. इतके दिवस मला वाटायचं, साबण डोळ्यांत जाईल म्हणून घाबरतो. पण तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला भाग आणि स्नायू-सांध्यांकडून मेंदूला मिळणारी खबर, तिन्ही लागतात. हा बहुतेक डोळ्यांच्याच भरवशावर उभा असतो.

बोलणं, चित्रं काढणं वयाप्रमाणे आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, स्नायूंची ताकद चांगली आहे, येत होतं ते काही विसरलेला नाही, म्हणजे घाबरू नका. पण चार वर्षांची बरीच मुलं एका पायावर उडी मारतात, तेव्हा एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून मुलांकडून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांना, दाखवा. सासूबाई म्हणतात, "येईल गं आपोआप." त्यांची माया कळते, पण नुसती वाट बघत बसायला माझं मन तयार नाही.

दोन आठवड्यांपासून घरीच सुरुवात केलीय. फरशीच्या रेघेवर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालणं, गादीवर लोळणं आणि दोन किलो तांदळाची पिशवी पोटाशी धरून स्वयंपाकघरात आणून देणं. पिशवीचं काम त्याला फार आवडतं, त्यानंतर बराच वेळ शांत असतो. लंगडीचं नाव काढलं की मात्र पळतो, म्हणून तिचा आग्रह सध्या सोडलाय.

या वयाच्या मुलाला थेरपीला नेलं असेल त्यांनी सांगा, पहिल्या भेटीत काय काय करून बघतात? जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करतात ते) कुणाला अनुभव आहे का? आणि झोपाळ्याची भीती घालवायची कशी? मांडीवर घेऊन हळूहळू झुलवू, की तो स्वतःहून बसेपर्यंत थांबू?