कोईमतूरला दोघांसाठी बजेट हॉटेल: कुठल्या भागात घ्यावं आणि काय विचारून घ्यावं?

माग_ते_मोटर:
इचलकरंजीहून दोघं जण कोईमतूरला पंप आणि मोटारींच्या मालाची तपासणी करायला जाणार आहेत. सोमवार ते बुधवार काम. दोन कारखाने गणपती भागात, एक कुरिची सिडकोत (तिथली औद्योगिक वसाहत). बेंगळुरूहून रात्रीची स्लीपर बस, म्हणजे सोमवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास गांधीपुरमला उतरणं आणि बुधवारी रात्री १० ची परतीची बस.

बजेट रोजचं १५०० ते २२००, एसी, दोन वेगळे पलंग. अ‍ॅपवर शंभर हॉटेलं दिसतात आणि सगळ्यांचे फोटो एकसारखेच. प्रश्न तीन: भाग कुठला? चेक-इन पहाटेचं असेल तर भाडं कसं मोजतात? आणि बिल कंपनीच्या नावावर हवंय, तर जीएसटीचं काय?

रात्रपाळी:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, कारण पैसे तिथेच वाचतात किंवा जातात.

तमिळनाडूत हॉटेलांची दोन घड्याळं असतात. एक दुपारी १२ चं: १२ ला दिवस सुरू, दुसऱ्या दिवशी १२ ला (कुठे ११ ला) संपला. दुसरं २४ तासांचं: तुम्ही रजिस्टरवर सही केली त्या मिनिटापासून २४ तास. गांधीपुरम आणि स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दुसरी पद्धत अजून चांगलीच चालते.

तुमचा हिशोब मांडू. १२ च्या हॉटेलात सोमवारी पहाटे ५:३० ला खोली हवी तर रविवारची रात्र धरावी लागते. रविवार, सोमवार, मंगळवार अशा ३ रात्री झाल्या, तरी बुधवारी १२ ला खोली सोडायचीच. २४ तासांच्या हॉटेलात ५:३० ला सही केलीत तर बुधवारी ५:३० पर्यंत २ दिवस होतात. पण त्या वेळी कोणी उठून निघत नाही, म्हणजे तिसरं भाडं लागलं. मात्र सोमवारी सही ८ नंतर केलीत, तर बुधवारी ८ पर्यंत दोनच भाडी. कारखान्यात त्याच सुमारास निघायचंय, तेव्हा बॅगा रिसेप्शनला ठेवायच्या आणि रात्री बसच्या आधी उचलायच्या. १८०० ची खोली धरली तर ३६०० विरुद्ध ५४००.

मधल्या अडीच तासांचं काय? काही लॉज ३-४ तासांची 'फ्रेश-अप' खोली देतात, तिचं भाडं वेगळं. हॉटेल रिकामं असेल तर पुष्कळदा सामान ठेवून कॉमन बाथरूम वापरू देतात. दोन्ही गोष्टी फोनवरच ठरवा, पहाटे काउंटरवर झोपेत असलेल्या माणसाशी नव्हे.

इथे गफलत कुठे होते ते सांगतो. हॉटेल २४ तासांचं असलं तरी अ‍ॅपवरचं बुकिंग १२ च्या घड्याळाचं असू शकतं. व्हाउचरवर 'चेक-इन १२:००' छापलेलं असतं आणि काउंटरवाला तेच दाखवतो. तो खोटं बोलत नाही, अ‍ॅपशी त्याचा करारच तसा असतो. म्हणून अ‍ॅपवर हॉटेल शोधा, पण फोन थेट रिसेप्शनला लावा आणि विचारा: "आमच्या वेळेपासून २४ तास की १२ ते १२? वेळ उलटली तर किती तासांची सवलत, आणि त्यापुढे अर्धं भाडं की पूर्ण?" उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. रजिस्टरवर आल्याची वेळही स्वतः बघून लिहा. ८:१० च्या जागी ७:०० लिहिलं गेलं तर बुधवारी सकाळी वाद होतो.

नोय्यल_काठ:
भागाबद्दल. गणपती म्हणजे गांधीपुरमच्या पुढे सत्ती रोडवर ३-४ किमी, आणि कुरिची सिडको एकदम उलट्या टोकाला, उक्कडम ओलांडून पोळ्ळाची रोडवर. तीन कारखान्यांपैकी दोन उत्तरेला आहेत, तेव्हा गांधीपुरमच्या आसपास घ्या. कुरिचीचा दिवस एकच, त्या दिवशी तासभर आधी निघा. उक्कडम-आत्तुपालमचा उड्डाणपूल २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून तो रस्ता पूर्वीइतका जीव खात नाही.

बाकीचे भाग थोडक्यात:

स्टेशनसमोर गीता हॉल रोड. गल्लीभर लॉजच लॉज, स्वस्त. रेल्वेने येणाऱ्याला बॅग ओढत जाता येतं. खोल्या लहान आणि बऱ्याच जुन्या.

रामनगर. गांधीपुरम आणि स्टेशनच्या मधोमध, रात्री शांत. या बजेटात मला हाच भाग सर्वांत पटतो. गांधीपुरमपासून रिक्षाने दहा मिनिटं आणि सकाळच्या टिफिनची, म्हणजे नाश्त्याची, चांगली ठिकाणं पायी अंतरावर.

आर. एस. पुरम. छान आहे, पण तुमच्या कामाला आडबाजूला.

पीळमेडू, होप कॉलेज, म्हणजे अविनाशी रोड. विमानाने येणाऱ्यांसाठी आणि कोडिसिया संकुलात प्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी. 'बिझनेस हॉटेल' म्हणावीत अशी नवी हॉटेलं इथेच जास्त आहेत. जुलैत शेतीचं प्रदर्शन असतं तेव्हा इकडचे दर चढतात. बेंगळुरूची बस याच रस्त्याने शहरात शिरते, त्यामुळे इथे राहणाऱ्याने गांधीपुरमपर्यंत जाऊन परत यायची गरज नाही, होप कॉलेजला उतरावं. फक्त चालकाला आधी विचारा. गोल्डविन्स ते उप्पिलिपाळयम हा १० किमीचा उड्डाणपूल २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालाय, बस वरून गेली तर मधले थांबे गेले.

तारखाही बघा. लग्नाच्या मुहूर्तांना इथे अख्खी हॉटेलं वऱ्हाडासाठी उचलली जातात. आडी महिन्यात (जुलै मध्य ते ऑगस्ट मध्य) आणि मार्गळीत (डिसेंबर मध्य ते जानेवारी मध्य) लग्नं नसतात, तेव्हा भाव तुटतो. पण मार्गळीत देवळांचे भोंगे पहाटेच सुरू होतात, खिडकी देवळाकडे नको. महाशिवरात्रीला ईशा केंद्राच्या गर्दीमुळे शहरात खोली मिळणं कठीण. पोंगल सणाच्या आठवड्यात तर जाऊच नका, कारखानेच बंद असतात.

जमाखर्च:
जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७५०० पर्यंत असलेल्या खोलीला ५%, आणि हॉटेलवाल्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. आधी १२% होता. म्हणजे १८०० ची खोली १८९० ला पडते. कोणी अजून १२% लावत असेल तर बिल परत करा. जास्तीच्या माणसाचं किंवा गादीचं भाडं त्याच बिलात येतं आणि त्यावरही कर लागतो.

आता कंपनीला याचं क्रेडिट मिळेल का? नाही. हॉटेलच्या बाबतीत पुरवठ्याची जागा म्हणजे हॉटेल जिथे उभं आहे ती. त्यामुळे बिलावर केंद्राचा २.५% आणि तमिळनाडूचा २.५% लागतो, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लागत नाही. महाराष्ट्रातल्या नोंदणीला तो उपयोगाचा नाही. "आमचा नंबर टाका, क्रेडिट घेऊ" यासाठी काउंटरवर अर्धा तास घालवू नका. तरी कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर बिलावर हवाच, कारण खर्च कंपनीचा आहे हे दाखवायला तोच कागद लागतो. हे तपशील चेक-इनच्या वेळीच द्या. बिल एकदा निघालं की "सिस्टममध्ये बदलत नाही" हे उत्तर ठरलेलं.

अ‍ॅपवरून बुक केलंत तर अ‍ॅपचं व्हाउचर म्हणजे हॉटेलचं बिल नव्हे. हॉटेलचं बिल वेगळं मागायचं, आणि अ‍ॅपने फी घेतली असेल तर तिचं तिसरं बिल. पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्या. एका दिवसात एकाला १०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. तुमची रक्कम तेवढी होणार नाही, पण पाच-सहा जण एकत्र गेले की होते.

आणि ओळखपत्र दोघांचंही मूळ न्या. पॅनवर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. आधारची मास्क केलेली प्रत, शेवटचे चारच आकडे दिसणारी, मोबाईलवर ठेवा. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर तीच द्या.

गीझर_आणि_गाळणी:
खोली दाखवायला आलेल्या पोराला लगेच जाऊ देऊ नका. पाच मिनिटं घ्या.

गरम पाणी. आधी विचारा, सोलर की खोलीत गीझर? सोलर असेल तर टाकी गच्चीवर असते आणि नळाला येईपर्यंत पाइपातलं थंड पाणी आधी बाहेर पडतं. खालच्या मजल्यावर अर्धी-पाऊण बादली वाया जाते. लोक नळ उघडतात, हात लावतात, "गरम नाही" म्हणून बंद करतात. बादली भरू द्या, मग बघा. बऱ्याच ठिकाणी सकाळी ६ ते ९ एवढीच वेळ असते आणि साडेआठनंतर टाकी कोमट झालेली असते.

गीझर असेल तर किती लिटरचा ते वाचा. १५ लिटर, २ किलोवॅटचा असेल तर पाणी पूर्ण तापायला १८-२० मिनिटं लागतात, आणि थंड मिसळून साधारण ३५ लिटर अंघोळीचं पाणी होतं. दोन बादल्या, त्याही काठोकाठ नाहीत. पहिल्याने शॉवर सोडून ठेवला की दुसऱ्याला वीस मिनिटं थांबणं आलं. ८ ला निघायचं असेल तर हे गणित आदल्या रात्रीच करा. वीज गेली तर जनरेटरवर दिवा, पंखा, टीव्ही चालतात. एसी आणि गीझर बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. बुकिंग करताना 'पॉवर बॅकअप' एवढंच विचारलं तर "हो" म्हणतील. "एसीला पण आहे का?" असं विचारायचं.

बाथरूमला गटाराचा वास येत असेल तर लगेच खोली बदलून मागू नका. खोली काही दिवस बंद राहिली की फरशीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी सुकतं आणि वास थेट वर येतो. जाळीत दोन मग पाणी ओता, दहा मिनिटं थांबा. तरीही आला तर पाइपातच दोष आहे, तेव्हा बदला.

खिडकी उघडून बघा. या बजेटात निम्म्या खोल्यांची खिडकी आतल्या डक्टमध्ये उघडते. त्यात स्वयंपाकघराचा धूर आणि जनरेटरचा आवाज. खाली रेस्टॉरंट असेल तर वाटण पहाटे सुरू होतं. वेट ग्राइंडरचं माहेरघरच हे, आवाजाची कमी नाही. बार असलेल्या हॉटेलात पहिला मजला टाळा. तिसऱ्या मजल्याच्या वर, रस्त्याच्या मागची बाजू मागा. लिफ्ट आहे ना, तेही विचारा.

'डबल' म्हणजे एकच मोठा पलंग. वेगळे दोन हवेत तर 'ट्विन' हा शब्द वापरा. तरीही दोन पलंग जोडून ठेवलेले असतात. सरकतात का बघा, कधी कधी मागचा हेडबोर्ड एकसंध असतो.

माग_ते_मोटर:
जबरदस्त. रामनगर आणि २४ तासांचं घड्याळ ठरलं. अजून एक: नाश्ता धरून घ्यावा की नुसती खोली? जोडीदार शाकाहारी आहे आणि त्याला रात्री पोळी लागते. रिक्षांचं काय?

नोय्यल_काठ:
नुसती खोली. हॉटेलचा नाश्ता बहुधा साडेसातला सुरू होतो आणि ८ ला तुम्ही बाहेर पडणार. बाहेर टिफिन सहाच्या सुमारास मिळायला लागतं: इडली, वडा, पोंगल (मऊ डाळ-तांदळाचा भात), फिल्टर कॉफी. श्री अन्नपूर्णाच्या शाखा शहरभर आहेत, सांबारासाठी नाव आहे, पूर्ण शाकाहारी. दुपारी १२ ते ३ 'मील्स', म्हणजे भात मुख्य, तीनला गेलात तर संपलेलं. चपाती संध्याकाळी ७ नंतर मिळते, बरोबर कुर्मा. ती आपल्या घडीच्या पोळीसारखी नसते, एवढं जोडीदाराला आधीच सांगा. 'परोटा' मात्र मैद्याचा. कुठे 'अरिसी परुप्पु सादम' दिसलं तर जरूर घ्या, तो या कोंगू भागाचा डाळभात. आपल्या खिचडीची चुलत बहीण म्हणा.

रिक्षा मीटरने जात नाहीत. अ‍ॅपवर भाडं बघून मगच बोला, किंवा इथलीच रेड टॅक्सी फोनवरून बोलवा. कुरिचीला टॅक्सी परतीसाठी थांबवूनच ठेवा, सिडकोतून संध्याकाळी पटकन गाडी मिळत नाही.

मॅनेजरशी इंग्रजीत काम भागतं. खोलीवर येणाऱ्या पोराशी भागेलच असं नाही. 'सुडु तण्णी' म्हणजे गरम पाणी, 'वेंडाम' म्हणजे नको, 'पोदुम' म्हणजे पुरे. जेवताना शेवटचा शब्द वेळेवर म्हणा, नाहीतर वाढणारा थांबत नाही.

रात्रपाळी:
बॅगांबद्दल एक राहिलं. बुधवारी ८ ला खोली सोडताना बिल तेव्हाच चुकतं करा आणि बॅगांची चिठ्ठी किंवा टोकन मागून घ्या. रात्री शिफ्ट बदललेली असते आणि सकाळचा माणूस घरी गेलेला असतो. मोजमापाची उपकरणं बॅगेत ठेवू नका, ती कारखान्यात बरोबर लागणारच आहेत.