मच्छरदानीच्या पोचपावतीचे अंगठे ठरावाला जोडलेत, काय करू?

रानजाई_२३

नमस्कार मंडळी. कंपनी, गाव, तालुका काहीच लिहीत नाही, समजून घ्या. एमएसडब्ल्यू केलंय, पूर्व विदर्भात एका खाणीच्या प्रोजेक्टवर कम्युनिटी रिलेशन्सला आहे. काम म्हणजे सात-आठ माडिया गोंड गावांत फिरायचं, मेडिकल कॅम्प लावायचे, तक्रारी रजिस्टरला चढवायच्या आणि शुक्रवारी ऑफिसला रिपोर्ट द्यायचा. सुरुवातीला खरंच छान चाललं होतं, गेलं की खाट टाकून बसवायचे, काळा चहा यायचा.

पावसाळ्यात मच्छरदान्या वाटल्या, मलेरिया आहेच इकडे. पोच म्हणून यादीवर सह्या-अंगठे घेतले, शाईचा पॅड मीच धरला होता. आता खाणीला संमती देणाऱ्या ग्रामसभेच्या ठरावाची फाईल बनतेय तर त्याला त्याच याद्या मागे लावल्यात, वरचा मथळा झाकून झेरॉक्स काढलीय आणि नवीन मथळा 'उपस्थित व सहमत ग्रामस्थ'. साहेबांना विचारलं तर म्हणाले लोक तेच, गाव तेच, तू कशाला टेन्शन घेतेस.

पण तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर गावातलाच एक पोरगा बसतो, त्याने यादीत आजीचं नाव वाचलं. परवा गेले तर कुणी खाट टाकली नाही. एक म्हातारी आतून घडी घातलेली मच्छरदानी घेऊन आली, माझ्या पायाशी ठेवली आणि माडियात काहीतरी म्हणाली. सोबतच्या पोराला विचारलं तर तो आधी सांगेचना, मग म्हणाला, "आजी म्हणते हे घेऊन जा, माझा अंगठा परत दे." आता अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या रजिस्टरवरसुद्धा गाव सही करत नाहीये. घरी आई-बाबा माझ्या पगारावर आहेत हे पण खरंय. काय करू?

खाट_आणि_चहा

ताई, धानोऱ्याकडे बरीच वर्षं संस्थेत काम केलंय म्हणून लिहितो. ह्याला सरळ खोटा कागद म्हणतात. आणि तुमचीच यादी का उचलली ते बघा. जमीन जंगलाची असेल तर वनहक्क कायद्याची ग्रामसभा लागते, २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे तिला निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. खरी सभा लावली तर हा कोरम भरता भरता घाम फुटतो. मच्छरदानी न्यायला मात्र बायाच येतात, सगळं गाव येतं. आयता कोरम मिळाला साहेबांना!

मेंढा-लेखाचं नाव ऐकलं असेल, धानोरा तालुक्यातच आहे. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो, एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या सभेला. आधी अभ्यासगट बसतो, विषय चघळतो. कंपनीच्या माणसांना ह्याचाच कंटाळा येतो, कारण त्यांना महिनाअखेर हवी असते. मी स्वतः तेंदूपत्ता तोडायच्या हंगामात सभा लावायची घोडचूक केलीय, अख्खं गाव पहाटे तीनला जंगलात आणि मी शाळेच्या ओट्यावर चटई अंथरून एकटा बसलोय. सभेत लोक गप्प बसले की आपण लिहितो 'हरकत नाही'. ते गप्प असतात कारण घरी जाऊन, गायताला (गावच्या पारंपरिक प्रमुखाला) विचारून, बायकोशी बोलून मग ठरवायचं असतं.

रोखठोक_७७

एवढं काय त्यात, सगळीकडे असंच चालतं. खाणीमुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसा येतो, जुन्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्यांवर १०, त्यातून रस्ते दवाखाने होतात. एका अंगठ्यासाठी एवढा गहजब! आणि लोहखनिज असेल तर पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) ग्रामसभेची शिफारस फक्त गौण खनिजाला (वाळू, मुरूम वगैरे) लागते, मेजरला नाही. कायदा वाचा आधी.

खाट_आणि_चहा

@रोखठोक_७७ पेसाचं बरोबर बोललात, पण अर्धंच वाचलंत. वनजमीन वळवायची तर ग्रामसभेची संमती हे २००९ च्या परिपत्रकात केंद्रानेच लिहिलं होतं. २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी राज्यावर ढकलली, पण वनहक्क कायदा कुणी रद्द केलेला नाही. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या खाणीबाबत सुप्रीम कोर्टाने २०१३ साली प्रश्न डोंगरिया कोंधांच्या ग्रामसभांकडेच पाठवला. बारा गावं निवडली सरकारने, आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. जिल्हा न्यायाधीश हजर होते तिथे, मच्छरदानीची यादी चालली नसती.

पेनठाना

जोहार ताई. मी तिकडचाच हाये, पुन्यात शिकतो. रोखठोक भाऊ, रस्ता म्हनता तर रस्ता कोनासाठी होते ते आमाले दिसते, ट्रक जाते अन् धूळ आमच्या धानावर बसते. आमच्याइकडं डोंगर म्हनजे निसती माती नाई. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव हाये, जानेवारीत यात्रा भरते, अख्ख्या इलाक्यातले गावं येतात. खानीचा मानूस येऊन विचारते "देवाले दुसरीकडं जागा देऊ, मंदिर बांधून देऊ". आता काय सांगावं बाप्पा, तो डोंगरच देव हाये, त्याले हलवाचं कसं?

ताई, एक सांगतो, वाईट नका मानू. माझ्या आजीले मराठी येत नाई. तुमी वाचून दाखवलं असन तरी मराठीतच ना? पुढच्या बारीले माडियात सांगनारा मानूस गावानं निवडला पायजे, कंपनीनं नाई. अन् त्या आजीकडं परत जा, मच्छरदानी घेऊन जा. ती तिचीच हाये.

पर्थकर

मी मूळचा चंद्रपूरचा, आता पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजात आहे. इकडे पिल्बारात ज्यूकन गॉर्जच्या गुहा मे २०२० मध्ये रिओ टिंटोने सुरुंग लावून उडवल्या, ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा होत्या त्यात. आणि गंमत बघा (गंमत कसली), २०१३ पासून कंपनीकडे सरकारी परवानगी होती, एकही कागद खोटा नव्हता. नंतरच्या उत्खननात ४,००० वर्षांपूर्वीची केसांची वेणी सापडली, डीएनए आजच्या पीकेकेपी लोकांशी (तिथले मूळ आदिवासी) जुळला, तरी सुरुंग थांबले नाहीत. मग सीईओसकट तीन मोठे अधिकारी गेले. खरा कागद असून ही गत, तुमच्या साहेबांचा तर खोटाच आहे. हे त्यांना 'रिस्क' म्हणून समजावा, नीतिमत्ता म्हणून नको, लवकर डोक्यात शिरतं. आणि बोलू नका, ईमेलच करा, तारखेसकट.

रानजाई_२३

सगळ्यांचे आभार, @पेनठाना दादा तुमचं लागलं पण खरं आहे, मी मराठीतच वाचलं होतं आणि तेही भरभर, पाऊस येत होता म्हणून.

अपडेट देते. ओरिजिनल यादी माझ्याच कपाटात होती. प्रत्येक पानावर पेनने लिहिलं 'मच्छरदानी वाटपाची पोच, इतर कोणत्याही कामासाठी नाही', तारीख टाकून सही केली आणि फोटो जोडून साहेबांना, एचआरला, आणि मुख्य ऑफिसच्या कम्प्लायन्सला मेल टाकला. एक प्रत गावच्या पाटलांना दिली. साहेब बोलत नाहीत, माझी गाडी काढून घेतलीय, सध्या एसटीने फिरतेय. फाईलमधून ती पानं निघाली की नाही ते अजून कळलं नाही, कम्प्लायन्सकडून फक्त 'नोंद घेतली' एवढं उत्तर आलंय.

आजीकडे गेले होते काल. मच्छरदानी घेतली नाही तिने. ते पान मात्र हातात घेतलं, नातवाकडून दोनदा वाचून घेतलं, कमरेला खोचलं आणि चुलीकडे गेली. चहा झाला. पाटील म्हणाले पंडुम (सण) होऊ दे, तेंदू होऊ दे, मग गाव बसेल, तेव्हा तुला बोलवायचं की नाही तेही गावच ठरवेल.

तोपर्यंत कुणाला माडिया शिकवणारं कुणी माहीत असेल तर सांगा, फी देईन.