मदत हवी आहे: ड्रीम पॉपच्या रेकॉर्डवर गाणारीचा आवाजच ऐकू येत नाही

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा, रेकॉर्ड परत करायची मुदत रविवारी संपतेय. कॉक्टो ट्विन्स या ड्रीम पॉप बँडचा 'हेवन ऑर लास व्हेगास' मागवला होता. नवाकोरा, सीलबंद आला. लावला तर गिटारी छान झगमगतात, पण गाणारीचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो आणि बास तर नाहीच. हा अल्बम मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ झालाय, त्यामुळे काय कमी आहे ते मला बरोबर कळतंय. दुकानदार म्हणतो रेकॉर्ड चांगली आहे, प्लेअर बघा. प्लेअर मस्त फिरतो, सुई नवीन आहे. रेकॉर्ड खराब असू शकते का? हो की नाही एवढंच सांगा.

निळी शाई
हो-नाहीत उत्तर द्यायला थोडं जास्त कळायला हवं. गायिका एलिझाबेथ फ्रेझरचे शब्द कळत नाहीत अशी तक्रार असेल तर ती रेकॉर्डची चूक नाही. ती शब्द नादासाठी वापरते, आणि त्यावर रॉबिन गथ्रीच्या गिटारीचे कोरस-रिव्हर्बचे, म्हणजे आवाज जाड करणारे आणि घुमवणारे, थर असतात. पण १९९० चा हा अल्बम त्यांच्या आधीच्या अल्बमांपेक्षा बराच मोकळा आहे, आवाज अगदी पुढे आहे. तुम्हाला कळत नाही की ऐकूच येत नाही?

गंगापूररोडकर
ऐकूच येत नाही. शब्द कळावेत म्हणून मी ही गाणी ऐकतच नाही.

वायरमन सातपूर
टर्नटेबल कोणता? अॅम्प कोणता? वायर कुठे खोचलीय? हे न सांगता हो की नाही कसं सांगणार भो? बास नाही म्हणताय म्हणजे नक्की फोनोचा घोळ. रेकॉर्ड कापतानाच बास कमी आणि ट्रेबल जास्त ठेवतात, ऐकताना फोनो स्टेज ते उलटं करून सरळ करतं. थेट ऑक्सला, म्हणजे साध्या इनपुटला, जोडलं की आवाज बारीक आणि किरकिरा येतो. माझ्याकडे असंच झालं होतं. फोनोचा डबा घ्या, विषय संपला.

गंगापूररोडकर
फोनोचा डबा आहे. त्याशिवाय चालणारच नाही, म्हणून लिहिलं नाही. आवाज बारीक नाही, भरपूर मोठा आहे. फक्त ती आणि बास गायब.

वायरमन सातपूर
मग अर्थची वायर लावली आहे का?

गंगापूररोडकर
लावली आहे. गुणगुण नाही.

देवळालीचा दीपक
नवीन रेकॉर्डवरही कारखान्यातला मळ असतो, तो खोबणीत बसतो आणि आवाज दबतो. लाकूडकामाचा फेविकॉल घ्या, पाणी घालून पातळ करा, लेबल सोडून सगळीकडे पसरा, रात्रभर वाळू द्या. सकाळी साय निघावी तसा अख्खा थर निघतो आणि मळ घेऊन येतो. मी सगळ्या रेकॉर्ड अशाच धुतो.

सुईदोरा
दीपकभाऊ, परत करायची रेकॉर्ड आहे ती. तिच्यावर फेविकॉल ओतायला सांगू नका. आणि हे वाचून कुणी घरातल्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर स्पिरिट किंवा अल्कोहोल लावायला जाईल, म्हणून सांगून ठेवतो: त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने लाख विरघळते.

देवळालीचा दीपक
मी अल्कोहोलचं नावही काढलेलं नाही. फेविकॉलने माझी एकही रेकॉर्ड खराब झालेली नाही.

सुईदोरा
मान्य. पण मळाने खरखर वाढते. एकटी गायिका आणि बास तेवढे उचलून नेणारा मळ मी पाहिलेला नाही.
गंगापूररोडकर, एक सांगा: आवाज पहिल्या गाण्यापासून असा आहे की बाजूच्या शेवटी बिघडतो? ३३⅓ च्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खोबणी सरकते, आत लेबलजवळ हे जेमतेम २१ वर येतं. म्हणून आतल्या गाण्यांत 'स' आणि 'श' फाटतात. या अल्बमचं शीर्षकगीत पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी आहे, तिथे सुई नीट बसवलेली नसेल तर लगेच कळतं.

गंगापूररोडकर
पहिल्या गाण्यापासून. फाटत वगैरे नाही, एकदम स्वच्छ आहे. फक्त मधलं कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं.

नाद खुळा
मला एक कळत नाही, १९९० चा अल्बम, तोही आधी मोबाइलवर पाठ केलेला, तर एवढा खटाटोप कशाला? आताच्या बऱ्याच रेकॉर्डी डिजिटल फाइलवरूनच कापतात. तीच फाइल थेट ऐका.

निळी शाई
कारण मोबाइलवर हा अल्बम कधी सलग ऐकला जात नाही. मध्ये फोन येतो, पुढचं गाणं उडवलं जातं. रेकॉर्डवर पाच गाणी, मग उठून बाजू पालटायची, परत पाच. सगळं मिळून ३८ मिनिटांच्या आत. शीर्षकगीत संपल्यावर जो थांबा मिळतो तो मला त्या अल्बमचाच भाग वाटतो. फाइल कुठून आली याने त्यात काही कमी होत नाही. आणि प्रश्न तो नाहीच आहे.

ओझरकर
नाशिकमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात रेकॉर्ड खिडकीजवळ ठेवू नका, वाकतात. आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. मी लोखंडी मांडणी करून घेतली आहे, कुणाला मापं हवी असतील तर देतो.

पंचवटीचे काका
बाळा, एक विचारतो. दुसरी कुठली रेकॉर्ड लावून पाहिलीस का? एकाच तबकडीवर सगळा दोष कशाला टाकायचा. आमच्याकडे नवीन सुई आली की पहिल्यांदा द. वि. पलुस्कर लागायचे. हा माणूस आपल्या नाशिकचा, जन्म १९२१ चा. वडील विष्णु दिगंबरांचा आश्रम इथे पंचवटीतच. १९५५ साली पस्तिशीही गाठली नव्हती तेव्हा गेले. एवढ्या थोड्या वर्षांत जे गाऊन ठेवलं ते ऐकताना मला आजही दुसरं काम सुचत नाही. त्यांचा आवाज इतका सरळ आणि स्वच्छ की सुईत खोट असेल तर पहिल्या आलापात उघडी पडते.

गंगापूररोडकर
काका, बाबांची पलुस्करांची एलपी आहे घरात. ती लावली होती. पण ती फार जुनी आहे, पार झिजलेली दिसते. तिच्यात जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, नुसती खरखर आणि टकटक. म्हणून ती धरलीच नाही.

सुईदोरा
थांबा, इथेच सगळं आहे! तीन गोष्टी सांगा. स्पीकर किती आहेत? कार्ट्रिज, म्हणजे सुई असते तो भाग, कुणी बसवलं? बाबांच्या रेकॉर्डच्या लेबलवर किंवा कव्हरवर स्टिरिओ लिहिलंय का?

गंगापूररोडकर
स्पीकर एकच, उभा ब्लूटूथवाला, मागे ऑक्स आहे. फोनोच्या डब्यातून लाल-पांढरी वायर एका पिनेत जोडून तिथे दिली आहे. प्लेअर जुना घेतला, देणाऱ्याने नवीन कार्ट्रिज बसवूनच दिलं. कव्हरवर स्टिरिओ कुठेच नाही. पण याचा कॉक्टो ट्विन्सशी काय संबंध?

सुईदोरा
पूर्ण संबंध आहे. पलुस्कर गेले तेव्हा बाजारात स्टिरिओ एलपी आलेलीच नव्हती. त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही. मोनो रेकॉर्डमध्ये खोबणी फक्त डावी-उजवीकडे हलते. स्टिरिओत ती वर-खालीही हलते. ही युक्ती अॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ मध्येच पेटंटसाठी नोंदवली होती, बाजारात यायला पुढे पाव शतक गेलं. डाव्या-उजव्या हालचालीत दोन्ही बाजूंना (डाव्या आणि उजव्या स्पीकरला) सारखं असलेलं येतं: गायिका, बास, ड्रम. वर-खाली हालचालीत दोन बाजूंतला फरक येतो: पसरलेल्या गिटारी, रिव्हर्बचा पसारा.
आता तुमच्या कार्ट्रिजच्या एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या असतील, तर ती बाजू उलटी वाजणार. एकाच स्पीकरमध्ये दोन्ही बाजू मिसळल्या की सारखं असलेलं एकमेकांना खाऊन टाकतं. म्हणून गायिका गेली, बास गेला, गिटारी राहिल्या. पलुस्कर तर सगळेच मोनो, म्हणून सगळेच गेले. धूळ आणि ओरखडे सुईला वर-खाली उडवतात, ते तेवढे राहिले. बाबांची रेकॉर्ड झिजलेली नाही, माझी खात्री आहे.

वायरमन सातपूर
पटत नाही. फेज उलटा झाला, म्हणजे प्लस-मायनस फिरले, तर बास पातळ होतो, आवाज असा गायब होत नाही. स्पीकरच्या प्लस-मायनसची अदलाबदल मी शेकडो घरांत पाहिली आहे.

सुईदोरा
दोन स्पीकर असतील तर तुमचं बरोबर. तिथे दोन आवाज खोलीच्या हवेत भेटतात, पूर्ण कधी खोडले जात नाहीत. इथे ते वायरीतच मिसळतात. वाद नको, तपासायला काही लागत नाही. फोनोच्या डब्यातून लाल किंवा पांढरी, एकच पिन काढा आणि अल्बम लावा. आवाज परत आला तर निदान पक्कं.

गंगापूररोडकर
आला!!! लाल पिन काढली आणि ती एकदम समोर आली. बासही आला. आता काय करू? रेकॉर्ड परत करायची नाही, हे नक्की ना?

सुईदोरा
रेकॉर्ड ठेवा. सगळं बंद करा, सुईवर टोपी चढवा, हेडशेल (कार्ट्रिज बसवलेलं दांडीचं टोक) काढून घ्या. मागे चार बारीक तारा दिसतील. पांढरी डाव्याची प्लस, निळी डाव्याची मायनस, लाल उजव्याची प्लस, हिरवी उजव्याची मायनस. कार्ट्रिजच्या पिनांवरही हेच रंग किंवा अक्षरं असतात. तारेला ओढू नका, टोकाची धातूची टोपी चिमट्याने धरून सरकवा. पिन लावलेली असताना त्यावर सोल्डर गन अजिबात लावायची नाही, आतलं गुंडाळण केसाएवढं बारीक असतं.

वायरमन सातपूर
चिमटा सपाट टोकाचा घ्या, टोकदार नको, सटकला तर तार तुटते. रविवार कारंजाला घड्याळ दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे बघा. आणि सुईदोरा, तुमचं निदान बरोबर निघालं, मानलं.

गंगापूररोडकर
लाल आणि हिरवी उलट होती. बदलली. दोन्ही पिना लावून आवाज पूर्ण येतोय. पण आता गिटारी थोड्या आत गेल्यासारख्या वाटतात. आधी त्या फारच छान होत्या.

निळी शाई
तेच होणार. आधी तुम्ही फक्त गिटारींचा पसारा ऐकत होता, आता एका स्पीकरमध्ये तोच पसारा घडी होऊन बसतोय. हा अल्बम रुंदीवर उभा आहे. हेडफोन असतील तर आज रात्री फोनोच्या डब्यातून हेडफोन अॅम्प लावून ऐका, आणि पुढेमागे दोन स्पीकर घ्याच. जुनी जोडी चालेल, पण जोडी हवी.

पंचवटीचे काका
ते सगळं होईल. पलुस्कर लागले का?

गंगापूररोडकर
लागले काका. बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आत आले. आवाज इतका मोठा झाला की कमी करावा लागला.

पंचवटीचे काका
कुठला राग आहे त्या बाजूवर? लेबलचा फोटो टाक ना.

देवळालीचा दीपक
त्या जुन्या एलपीवरची खरखर मात्र फेविकॉलने नक्की कमी होईल.

सुईदोरा
दीपकभाऊ, बाबांची रेकॉर्ड आहे ती. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, बस.

ओझरकर
मांडणीची मापं कुणालाच नकोत का?

नाद खुळा
मला द्या. माझ्या बाबांच्या खोलीत एक खोकं भरून रेकॉर्ड निघाल्यात.