आई-बाबांसोबतची ती दिवाळी, ते गणपती : तुमच्या आठवणी लिहा

यंदा वसुबारसेला माळ्यावरून फराळाचे डबे काढले, तर एका झाकणावर आईच्या अक्षरातला कागद अजून चिकटलेला : "शेव. तिखट कमी, ह्यांच्यासाठी." डबा हातात घेऊन स्टुलावरच बसून राहिले. आई-वडील थकलेले, पण घर भरलेलं, असा एखादा सण तुमच्याही मनात असेल. भरभरून लिहा, दोन ओळी लिहा, पण लिहा. मी सुरुवात करते.

आमचं घर सदाशिव पेठेत. आई तेव्हा ८१ वर्षांची. दादा बंगळूरहून आला होता, ताई नागपूरहून. तिघं भावंडं दिवाळीला एका छपराखाली कितीतरी वर्षांनी आलो होतो. आईच्या हाताला कंप सुटलेला, म्हणून गॅसपाशी उभं राहायची तिला मनाई. पण अनारशाचं पीठ तिनेच करून ठेवलं होतं. तीन दिवस तांदूळ भिजत घालून, रोज पाणी बदलून, मग पंचावर पसरून, दमट असतानाच दळून गूळ घातलेला. आम्ही पोचलो तेव्हा गोळे डब्यात मुरत होते.

ताईने पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. कढईभर विरघळून गेला. ताईचा चेहरा पडला. आई दारातल्या खुर्चीवरून म्हणाली, "गूळ जास्त झालाय गं माझ्याच हातून. थोडी तांदळाची पिठी घाल, मळ, आणि पोळपाट दे इकडे." मांडीवर पोळपाट घेतला, खसखस पसरली आणि थापायला लागली. बोट थरथरत होतं, आणि त्या थरथरीनेच पीठ कडेपर्यंत एकसारखं पसरत होतं. खसखशीची बाजू वर ठेवून ताईने तो सोडला, झाऱ्याने वरून तूप उडवत राहिली. अशी जाळी पडली, की आम्ही तिघं कढईवर वाकून बघतच राहिलो. त्या दिवशी बावीस अनारसे झाले. सगळे आईने थापले.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला तिने सगळ्यांना उठवलं. तेल मीच लावणार, हा हट्ट. दादा ५८ वर्षांचा, गुडघ्यांमुळे पाटावर बसता येईना, म्हणून स्टुलावर बसला. "तुझी टाळू भरायला फार वेळ लागला होता रे," असं म्हणत आई त्याच्या डोक्यावर तेल थापत होती. पाणी गार व्हायला लागलं तरी दादा उठायचं नाव घेईना.

*

माझी आठवण गणपतीतली. वडील ८४ वर्षांचे. मानाचे पाचही गणपती बघायचे म्हणाले. बहीण, मेहुणे, मुलं, सगळे जमलेलोच होतो. गर्दी नको म्हणून पहाटेच दोन रिक्षा करून निघालो. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि शेवटी केसरीवाडा. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून वडील प्रत्येक ठिकाणी उतरले, एकदाही "दमलो" म्हणाले नाहीत.

केसरीवाड्यातून बाहेर पडल्यावर ते नारायण पेठेत एका भिंतीपाशी थांबले. १९६१ साली, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा, ते इथेच खोली घेऊन राहत होते. १२ जुलैचा तो दिवस आम्ही लहानपणापासून ऐकलेला, पण नेहमी घरात बसून. त्या सकाळी त्यांनी काठी उचलून डोक्याच्याही वर भिंतीला टेकवली. "पाणी इथवर." नातू काठीच्या टोकाकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आजोबा, तुमचं सामान?" वडील म्हणाले, "सगळं गेलं. एक ताम्हन तेवढं गाळात सापडलं." आमच्या गणपतीपुढे रोज आरतीला असतं, तेच ताम्हन. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

*

दोनच ओळी. भाऊबीज, बाबा ८३ चे, आत्या ७९ ची. आत्याला आता नीट दिसत नाही. कुंकवाचं बोट कपाळाच्या बाजूला जायला लागलं, तेव्हा बाबांनी तिचं मनगट धरून अलगद मधोमध आणलं. ओवाळतानाही तबकाला खालून हात बाबांचाच होता.

*

आम्ही कोथरूडला राहतो. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, आणि राजगड त्यांचा जीव की प्राण. गेल्या दिवाळीत भाऊ मुलांना घेऊन आला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये किल्ला करायचं ठरलं. बाबांना वाकता येत नाही, म्हणून खुर्ची खाली नेली. विटा रचून, वर गोणपाट टाकून मुलं माती लिंपत होती आणि खुर्चीतून सूचना येत होत्या : बालेकिल्ला अजून उंच हवा, तीन माच्या तीन बाजूंना हव्यात, सुवेळा पूर्वेकडे. मुलांनी मोबाइलवर दिशा बघितली, माची चुकली होती. पुन्हा केली.

सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, कसं करायचं, हे मात्र जमेना. काडीने भोक पाडलं की माती ढासळायची. मग बाबांनी ओल्या मातीचा गोळाच मागून घेतला, दोन्ही तळव्यांत धरून अंगठ्याने हळूहळू आरपार दाबला आणि पलीकडे बघून म्हणाले, "आता वारा येईल." मुलांनी तो तसाच उचलून माचीवर बसवला. हळीव पेरले होते, लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवे कोंब वर आले. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसून राहायचे, नेढ्याच्या मागे मुलं पणती ठेवायची.

यंदा बाबा ८६ चे झाले. मुलं पुन्हा राजगडच करणार म्हणतायत. माती आलीय. खुर्ची काल संध्याकाळीच खाली नेऊन ठेवली.