मदत हवी आहे : वाळवले की कार्बन डॉट्सची चमक जाते

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पांढरा एलईडी करतेय, नेहमीच्या सेरियमवाल्या पिवळ्या फॉस्फरऐवजी (चिपचा निळा उजेड शोषून पिवळा देणारी पूड) कार्बन डॉट्स, म्हणजे काही नॅनोमीटरचे चमकणारे कार्बनचे कण, वापरून. सायट्रिक अ‍ॅसिड आणि इथिलीनडायअमिन पाण्यात घालून टेफ्लॉन लायनरच्या ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद, दाब सोसणारं भांडं) २०० अंशांवर ५ तास. तपकिरी, कोऱ्या चहासारखं द्रावण निघतं आणि ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली लख्ख निळं पेटतं. इथवर मजा आहे.

हेच वाळवून पूड केली की त्याच टॉर्चखाली मातकट, जवळजवळ काळी. कण एकमेकांना चिकटले की ऊर्जा उजेडाऐवजी उष्णतेत जाते, हे माहीत आहे. अडलंय ते त्यांना लांब ठेवण्यात. पीव्हीएच्या (पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) फिल्ममध्ये चमक टिकते, पण एलईडीच्या चिपवर बसवली की ती तापून पिवळी पडते. सिलिकॉन रेझिनमध्ये तर हे पाण्यातले डॉट्स मिसळतच नाहीत, गुठळ्या होतात. टीईओएसपासून (सिलिका बनवायचं द्रवरूप संयुग) सिलिका करून त्यात कोणी अडकवलेत का? जेल वाळताना तडे जाऊ नयेत म्हणून काय करता?

दुसरं, लाल रंग. निळ्यात पिवळा मिसळून पांढरा दिसतो, पण लाल कमी पडला की सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) घसरतो. सायट्रिक अ‍ॅसिड-युरिया डीएमएफमध्ये (एक सेंद्रिय द्रावक) तापवून नारिंगी-लाल डॉट्स मिळतात म्हणे. ते शुद्ध करायला डायलिसिस (पातळ पडद्यातून लहान रेणू बाहेर जाऊ देणं) पुरतं की कॉलम (सिलिका भरलेल्या नळीतून घटक वेगळे करणं) लागतोच? (आमच्याकडे फ्यूम हूड, म्हणजे वाफा ओढून घेणारं कपाट, एकच, त्यावर कायम रांग.)

'पेपर वाच' सांगू नका, वाचलेत. हाताने केलेल्यांनी लिहा, प्रमाणासकट.