गोंद कमी, सुई-दोरा जास्त

ख्रिसमससाठी स्वेटर सजवताना ग्लू गनने (गरम गोंद सोडणाऱ्या पिस्तुलाने) झिरमिळ्या थेट स्वेटरवर चिकटवायचं काही जण सुचवतात. तसं कृपया करू नका! विणलेलं कापड ताणतं, वाळलेला गोंद ताणत नाही. डोक्यातून घालतानाच सजावट सुटते. शिवाय अ‍ॅक्रिलिक लोकर गरम गोंदाने आक्रसते. त्यापेक्षा फेल्टचं (दाबून केलेल्या जाडसर कापडाचं) ख्रिसमसचं झाड कापा, गोंडे-टिकल्या त्यावर चिकटवा, गोंद गार झाल्यावर झाड कडेने धावदोऱ्याने स्वेटरवर शिवा. शिवताना स्वेटरच्या आत पुठ्ठा घाला, नाहीतर पुढची-मागची बाजू एकत्र शिवली जाते. झिरमिळ्यांची माळ दर दोन इंचांवर सैल टाक्याने अडकवा.

मुंबईच्या डिसेंबरात लोकर नकोच, सुती स्वेटशर्ट उत्तम, एक साइज मोठा. सामान क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळतं. दिव्यांची माळ लावायची तर बॅटरीचीच; बॅटरीची डबी आतल्या खिशात ठेवा, धुण्याआधी दिव्यांची माळ काढा.